कॉलशीटवर हॉस्पिटलचा नंबर का नसतो?

थोडं मोठं आहे, पण वाचा.

चित्रपटाच्या प्रमोशनमध्ये एक किस्सा ठरलेला असतो. "अंगात 103 ताप होता, तरी मी शॉट दिला." अँकर टाळ्या वाजवतो, खाली आपण लाल बदाम टाकतो. मीही भरपूर टाकलेत. गेल्या एप्रिलपासून टाकत नाही.

मी मराठी चित्रपटांचं प्रॉडक्शन सांभाळतो. म्हणजे जेवण, गाड्या, परवानग्या आणि कुणाचे पैसे किती दिवस लांबवता येतील याचा हिशोब. एप्रिलमध्ये वाई तालुक्यात, धोम धरणाच्या मागच्या बाजूला एका वाडीत आमचं शूट होतं. 24 दिवसांचं शेड्यूल, बजेट 70 लाख. त्यातला एकोणिसावा दिवस.

चारच्या सुमारास लाइटवाले अण्णा म्हणाले, छातीत जळजळतंय. वय 52. सकाळी नाश्त्याला मिसळ होती, निम्म्या युनिटला जळजळत होतं. मी सोडा दिला, म्हटलं, सावलीत बसा. पाण्याकाठचा सीन होता, ऊन उतरायच्या आत संपवायचा होता आणि नटाची तारीख तेवढ्याच दिवसाची. दहा मिनिटांनी रिफ्लेक्टर धरायला एक माणूस कमी पडला. मी अण्णांकडे बघितलं. बोललो काहीच नाही. ते उठले.

'त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं,' असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. ते खरंही आहे. म्हणून तर जास्त टोचतं.

शूटिंग बघायला आलेल्या बायकांमध्ये गावच्या आशाताई होत्या. शॉट चालू असताना त्या सरळ फ्रेममध्ये चालत आल्या. आमचा असिस्टंट खेकसला. "वरडू नका," त्या म्हणाल्या, "ह्यांचा शर्ट बघा. पित्तानं एवढा घाम सुटतो व्हय?" मग अण्णांना विचारलं, डावा हात दुखतोय का? अण्णा हो म्हणाले. मघापासून ते हात चोळतच होते, आम्हाला वाटलं रिफ्लेक्टरच्या वजनानं.

पुढचं सांगायला लाज वाटते. 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे, पण वाडीत रेंज नाही. एक पोरगा मोटारसायकल घेऊन फोन लावायला चढावर गेला. युनिटच्या दोन गाड्या, त्यातली एक अभिनेत्रीला आणायला वाईला गेलेली, दुसरीच्या पुढे जनरेटर व्हॅन आडवी. शेवटी डेअरीच्या पिकअपवाल्यानं दुधाचे कॅन रस्त्यावर उतरवले आणि अण्णांना मागे आडवं केलं. वाईत ईसीजी, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, तिथून साताऱ्याला. जळजळ होतेय म्हटल्यापासून अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत साडेचार तास गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "उशीर केलात." रक्त अडलं की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो आणि मेलेला भाग परत येत नाही, हे मला त्या रात्री कॉरिडॉरमध्ये कळलं.

पैशांचं विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेनं वाचवलं. अण्णांच्या मुलानं मुंबईहून रेशनकार्डाचा फोटो पाठवला, हॉस्पिटल योजनेत होतं. नसतं तर? आमच्या निर्मात्यानं विमा काढला होता, माणूस वाईट नाही. पण तो अपघात विमा. अण्णा शिडीवरून पडले असते तर क्लेम झाला असता. हार्ट अटॅक हा आजार, अपघात नव्हे. मी आजवर ज्या लहान युनिट्समध्ये काम केलं, तिथे विमा असलाच तर हाच असतो, आणि लाइटमन, स्पॉटदादा, सेटिंगवाल्यांना वाटतं की आपला 'सगळा' विमा आहे.

डिसेंबर 2023 मध्ये श्रेयस तळपदेंना शूटिंग करून घरी गेल्यावर झटका आला तेव्हा ते मुंबईत होते आणि तरीही प्रसंग जिवावरचा होता. मग वाडीवस्तीवर शूट करणाऱ्यांनी काय समजायचं?

"लो बजेट आहे हो," हे उत्तर मीच वर्षानुवर्षं दिलंय, म्हणून त्याचा हिशोबही मीच मांडतो. ड्रायव्हरसकट एक जास्तीची गाडी, दिवसाला 3,000. 24 दिवसांचे 72,000. म्हणजे बजेटच्या जेमतेम एक टक्का. ड्रोनवर आम्ही याहून जास्त उडवले आणि त्यातले दोनच शॉट ठेवले.

सिने कामगाराला लेखी करार द्यायचा, ही अट 1981 च्या कायद्यापासून आहे. अण्णांकडे करार नव्हता, माझ्याकडेही नाही. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून लाखांत अनुदान देतं, आपल्या सगळ्यांच्या पैशातून. अर्जासोबत युनिटमधल्या प्रत्येकाच्या आजारपणाच्या विम्याची पावती मागायला काय हरकत आहे? कथेचा दर्जा तपासता, तसं हेही तपासा. एकट्यादुकट्या निर्मात्याच्या चांगुलपणावर हे सोडलं तर जो खर्च करेल तो मागे पडेल.

अण्णा घरी आहेत. वजन उचलू नका असं सांगितलंय. लाइटमनला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. 19 दिवसांचे पैसे मिळाले, उरलेल्या पाचांसाठी मला भांडावं लागलं. तो सीन आम्ही दोन दिवसांनी ढगाळ उजेडात उरकला. सिनेमा अडला नाही.

परवा नव्या कामाच्या कॉलशीटवर मी जवळचं ईसीजीची सोय असलेलं हॉस्पिटल, तिथवरचं अंतर आणि राखीव गाडीचा नंबर टाकला. निर्माता म्हणाला, "पहिल्याच पानावर? अपशकुन वाटतो रे." मी तो पहिल्याच पानावर ठेवलाय.

वाई, भोर, पाटण, कोल्हापूरकडच्या मंडळींनो, तुमच्या गावात शूटिंग आलं की वाडे, गुरं, बैलगाड्या आम्ही हक्कानं मागतो. तुम्हीही परवानगी देण्याआधी आम्हाला विचारा, कुठली गाडी दिवसभर रिकामी उभी राहणार आहे? आणि रेंज नेमकी कुठल्या चढावर मिळते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.