वंशावळीला बोलते करू या!

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर ही आंबेगाव तालुक्यातील मोठी बाजारपेठ. येथील आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यातील कित्येक घराण्यांची एक पाती गावी शेती सांभाळते, दुसरी मुंबई-पुण्यात चाकरी करते. मुंबईच्या डबेवाल्यांमध्येही या भागातील कुटुंबे पुष्कळ. गावच्या यात्रेला सारे एकत्र येतात, देवदर्शन होते, पंगती उठतात. परंतु चुलत-चुलत भावंडांना परस्परांची नावेही ठाऊक नसतात. यावर उपाय म्हणून काही उत्साही मंडळी कुटुंबाचे वार्तापत्र काढतात. पहिला अंक कौतुकाने वाचला जातो, तिसरा कोणी उघडतही नाही. असे का व्हावे?

नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत आणि यात्रेकरूंनी स्वहस्ते केलेल्या नोंदीही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी सिद्ध केल्या. अनेक कुळांनी परिश्रमपूर्वक कुलवृत्तान्त छापले. हे ऋण मोठे आहे. तथापि वंशावळीत नाव मिळते, माणूस मिळत नाही. आणि घरातील लेकींची नावे तर बहुधा गळालेलीच असतात.

आजची वार्तापत्रे हीच उणीव पुढे चालवतात. पहिल्या पानावर ज्येष्ठांचा उपदेश, आत देणगीदारांची यादी, पुढे परीक्षांतील गुण आणि परदेशगमनाची अभिनंदने! ज्या घरात यंदा कांद्याला भाव मिळाला नाही, मुलाची नोकरी गेली किंवा कोणी अंथरुणाला खिळले, त्या घराने या अंकात स्वतःला कोठे शोधावे? कुटुंब म्हणजे यशस्वितांचे संमेलन नव्हे.

अंक जिवंत ठेवण्याचे मार्ग साधे आहेत. वर्षातून दोनच अंक निघावेत, एक यात्रेला व एक दिवाळीला. पाने चारच असावीत. संपादन दरवेळी निराळ्या घराकडे जावे, कधी सुनेकडे, कधी सासरी गेलेल्या लेकीकडे. आजीने मासवडीची कृती सांगावी, नातीने ती तिच्याच शब्दांत लिहावी. जुने छायाचित्र छापून ‘यातील कोण कोण ओळखता?’ असे विचारावे. उत्तरांसाठी पुढच्या अंकाची वाट पाहिली जाईल. मुलांच्या लिखाणावर मोठ्यांनी संस्कार करू नयेत. बांधाचे आणि वाटणीचे वाद मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावेत. वाटणीनंतर अबोला धरलेल्या दोन घरांची खुशाली एकाच पानावर आली, तरी पुष्कळ साधले.

भ्रमणध्वनीवरील गटात हे होत नाही काय? तेथे सुप्रभातच्या संदेशांखाली महत्त्वाची बातमीही दुपारपर्यंत गाडली जाते, आणि ज्या आजोबांकडे आठवणींचा खजिना आहे ते बहुधा त्या गटात नसतातच. कागद देवघराजवळच्या फडताळात राहतो.

तो राहणे का आवश्यक, हे या तालुक्याला वेगळे सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. घरे, वाटा, पार पाण्याखाली गेल्यावर गाव उरते ते सांगणाऱ्यांच्या तोंडी. आणि सांगणारेही एक एक करून निघून जातात.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे. प्रबोधन व्याख्यानांनीच होते असे नाही. आत्याचे पत्र सर्वांनी एकत्र बसून मोठ्याने वाचणे, हेही प्रबोधनच! येत्या दिवाळीला पहिले पान घरातील सर्वांत धाकट्या हाताने लिहावे.