९०७ पैकी ६५१

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आपल्याच घरचा हिशेब मांडला. देहदंड परत आणणाऱ्या १९९३ च्या कायद्यानंतर खालच्या न्यायालयांनी दिलेल्या मृत्युदंडाचे ९०७ खटले त्याने तपासले होते. त्यांतल्या ६५१ मध्ये शिक्षा बदलावी किंवा रद्द करावी लागली. ६५ खटल्यांत तर निर्दोष सुटका झाली. दहात सातदा चुकणाऱ्या हाती विषाची सुई द्यायची का? तेथील कॅथलिक बिशप देहदंडाला विरोध करतात, त्याला एवढा एक हिशेबही पुरेसा आहे.

पण चर्च बोलले की ‘धर्म राजकारणात कशाला’ ही ओरड ठरलेलीच. ती करणाऱ्यांना मुष्टियोद्धे-सिनेटर मॅनी पॅकियाव बायबलचाच दाखला देत देहदंड मागत होते, याचे मात्र काही वाटले नाही! शिवाय चर्चचे हातही कधीकाळी रक्ताने माखलेले होते. पोपच्या राज्यातला जल्लाद ‘मास्त्रो तित्ता’ याच्या नावावर १७९६ ते १८६४ या काळातले ५१६ बळी आहेत. पोपवर प्राणघातक हल्ला करणाऱ्याला देहदंड, ही तरतूद व्हॅटिकनच्या कायद्यात १९६९ पर्यंत होती. पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिकवणीत बदल करून देहदंड सर्वथा अमान्य ठरवला तो २०१८ मध्ये. कुऱ्हाड स्वतः चालवून मग खाली ठेवणाऱ्याचे हे बोलणे आहे. म्हणूनच ते ऐकावे.

१९९९-२००० मध्ये फिलिपिन्सने सात जणांना सुई टोचून मारले. अध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांनी जून २००६ मध्ये देहदंड रद्द केला आणि लगेच तत्कालीन पोपच्या भेटीला गेल्या. त्यात राजकारण होतेच. पण मार्च २०१७ मध्ये तत्कालीन अध्यक्ष दुतेर्ते यांच्या दबावाखाली कनिष्ठ सभागृहाने देहदंड २१७ विरुद्ध ५४ मतांनी पुन्हा मंजूर केला, तेव्हा त्याच सभागृहाच्या उपसभापती असलेल्या अरोयो यांनी विरोधात मत दिले आणि ते पद गमावले. त्या विधेयकाची तऱ्हा पाहा. आधी यादीत बलात्कार, देशद्रोह, सरकारी तिजोरीची लूट असे सारे गुन्हे होते. मंजुरीपर्यंत उरले फक्त अमली पदार्थांचे. तिजोरी लुटणारा वाचला, पुड्या विकणारा अडकला. बिशपांचे विरोधाचे पत्र त्यानंतर, मार्चमध्येच, देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. सिनेटने विधेयक पुढे सरकू दिले नाही.

लेक गमावलेल्या आईला क्षमेचा उपदेश पटणार नाही, आणि तिला तो करूही नये. तिला खरा गुन्हेगार हवा आहे. ६५ खटल्यांत तो सापडलाच नव्हता.

देहदंड कायमचा सोडण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर फिलिपिन्सने २००७ मध्ये मोहोर उमटवली आहे. त्या करारात बाहेर पडण्याचे कलमच नाही. कनिष्ठ सभागृहाने २०२१ मध्ये पुन्हा तोच खटाटोप केला, पुढेही होईल. सिनेटने दार बंदच ठेवावे.