छपरावरच्या पाण्याचा हिशेब

बीडकरांच्या कित्येक पिढ्यांनी जिची वाट पाहिली ती आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीड आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान अखेर धावू लागली. त्याच महिन्यात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या आणि उभी पिके मातीसह वाहून गेली. एक घटना आनंदाची, दुसरी शोकाची. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि आमच्या मते तो आहे, आणि तो आजच ध्यानात घेतला नाही तर पुढे त्याची मोठी किंमत मोजावी लागेल.

रेल्वे जेथे जाते तेथे तिच्या मागोमाग गोदामे जातात, कारखान्यांच्या शेडी उभ्या राहतात, मालमोटारींसाठी काँक्रीटची अंगणे तयार होतात आणि रस्त्याकडेला दुकानांच्या रांगा लागतात. बीडच्या वाट्याला हे भाग्य उशिरा येत आहे. ते यावे अशीच आमची इच्छा आहे. परंतु प्रत्येक नवे छप्पर आणि प्रत्येक फरसबंद अंगण म्हणजे काल-परवापर्यंत पाऊस पिणारी तेवढी जमीन कायमची झाकली जाणे होय. त्या जमिनीवर पडणारा पाऊस मात्र थांबत नाही. तो कोठे जाणार, हा प्रश्न इमारतीच्या नकाशात बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो, आणि पुष्कळदा विचारलाच जात नाही.

आम्ही शिक्षक होतो त्या काळी हौदाची आणि नळांची गणिते मुलांकडून सोडवून घेत असू. एका नळाने हौद इतक्या वेळात भरतो, दुसऱ्याने इतक्या वेळात रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर काय होईल? आज तेच गणित शहरातील सुशिक्षितांपुढे मांडण्याची वेळ आली आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. हजार चौरस मीटर पत्र्याच्या एका मध्यम शेडीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. पन्नास हजार लिटर पाणी झाले. म्हणजे दर सेकंदाला सुमारे चौदा लिटर पाणी त्या एकाच छपरावरून खाली येऊ पाहते. मोकळ्या रानात त्यातील काही भाग जमिनीत जिरला असता. पत्र्यावर जवळजवळ काहीच जिरत नाही. अशा दहा शेडी एका ओळीत असतील आणि त्यांच्यापुढे हातभर रुंदीचे, अर्धे गाळाने भरलेले गटार असेल, तर गणिताचे उत्तर सांगण्यास शिक्षकाची गरज नाही. ते उतारावरच्या शेजाऱ्याच्या घरात लिहिलेले सापडते.

या शहराला पाण्याचा धडा नवा नाही. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा शहराच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणेला मिळते. वर्षाचे बहुतेक महिने तिचे पात्र पाहून तिला नदी म्हणवत नाही. परंतु २३ जुलै १९८९ रोजी हीच बिंदुसरा जुन्या बीडमध्ये शिरली, अनेकांचे प्राण गेले आणि नदीकाठचे मोहल्ले उद्ध्वस्त झाले. तो महापूर दुकानांच्या आणि गोदामांच्या छपरांमुळे आला असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे होणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्या नदीची सवय अशी आहे, तिच्याकडे जाणाऱ्या ओढ्या-नाल्यांत आपल्या आवारातील पाणी एकदम लोटून देणे हा शहाणपणा नव्हे.

मोठ्या शहरांचा अनुभवही हेच सांगतो. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. ती दुप्पट करावी अशी शिफारस १९९३ च्या अहवालात झाली; काम रेंगाळले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे कोणतीही गटारे पुरी पडली नसती, हे मान्य. परंतु बुजलेले नाले आणि अरुंद झालेली मिठी नदी यांनी त्या दिवसाचे संकट वाढविले, हेही तितकेच खरे. जे मुंबईला अब्जावधी रुपये खर्चून आता दुरुस्त करावे लागत आहे, ते बीडला आरंभीच थोडक्या खर्चात करता येईल. मागाहून येणाऱ्याला एवढा एकच लाभ असतो; तो तरी आपण का सोडावा?

आता कोणी म्हणेल की, हा जिल्हा दुष्काळाचा. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो ६०० ते ७०० मिलिमीटरांच्या घरात, तोही लहरी. येथे पाणी घालविण्याची चिंता कसली? हा आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, पण आमच्या प्रतिपादनाला खरे बळ यातूनच मिळते. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे आपण विसरलो नसू. उन्हाळ्यात टँकरमागे धावणारा कारखानदार आणि पावसाळ्यात आपल्या छपरावरचे पाणी रस्त्यावर सोडणारा कारखानदार ही एकच व्यक्ती आहे. उपरोक्त हजार चौरस मीटर छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी चार लाख ऐंशी हजार लिटर पाणी उरते. बारा हजार लिटरांच्या टँकरचा हिशेब धरल्यास ते चाळीस टँकर झाले. जे पाणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत उपद्रव म्हणून हाकलून दिले जाते, तेच मार्चमध्ये दाम मोजून विकत घेतले जाते. व्यापारी बुद्धीला याहून लाजिरवाणा व्यवहार दुसरा नसेल.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा: आधी साठवण, मग मुरवण, आणि उरलेल्याचा निचरा. यासाठी अचाट विद्या लागते असे नाही. छपराच्या क्षेत्रफळाच्या मानाने पन्हळ रुंद असावी आणि तिला पुरेसा ढाळ असावा. खाली येणाऱ्या पाइपांची संख्या आणि जाडी पत्र्याच्या लांबीवरून ठरवावी, दुकानात जो पाइप शिल्लक असेल त्यावरून नव्हे. पाइपाच्या तोंडाशी जाळी आणि तळाशी गाळ अडविणारे चेंबर असावे. पहिल्या सरीचे पाणी छपरावरची धूळ घेऊन येते, ते बाजूला काढून पुढचे टाकीत घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे हे की, पावसाचे पाणी आणि संडास-मोरीचे पाणी यांच्या वाहिन्या अगदी वेगळ्या असाव्यात. त्या एकत्र जोडल्या की पहिल्या मोठ्या सरीबरोबर मैला उलटा चढून तळमजल्यावर येतो, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते पुन्हा विसरत नाहीत.

मुरवणीच्या बाबतीत मात्र दोन सावधगिरीच्या सूचना केल्या पाहिजेत. आपल्याकडील काळी माती ओली झाली की फुगते आणि मग तिच्यात पाणी फारसे शिरत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पुरलेल्या पाइपांचे सांधे हलविते. यास्तव शोषखड्डा काळ्या मातीत संपवून उपयोग नाही, तो मुरमापर्यंत नेला पाहिजे. आणि पाइप वाळू-मुरमाच्या बिछान्यावर बसविला पाहिजे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या आवारात तेल सांडते, बॅटऱ्या धुतल्या जातात किंवा रसायने हाताळली जातात, तेथील अंगणाचे पाणी बोअरमध्ये सोडणे म्हणजे शेजारच्या सगळ्या विहिरींत विष कालविणे होय. तेथे छपराचे पाणी वेगळे आणि अंगणाचे वेगळे ठेवावे, आणि दूषित पाण्याचा बंदोबस्त १९७४ च्या जलप्रदूषणविरोधी कायद्याप्रमाणेच व्हावा.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. २०२० साली राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांस पर्जन्यजलसंधारण आवश्यक ठरविले आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांसाठी महामंडळाची स्वतंत्र नियमावली आहे. परंतु आपल्या देशात नियम कागदावर जितका ठळक, तितका जमिनीवर पुसट असतो. नकाशात खड्डा दाखवायचा, दाखला मिळाला की त्यावर फरशी टाकायची, हा प्रकार कोणास ठाऊक नाही? यावर उपाय साधा आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी छपरावर टँकरभर पाणी सोडून पाहावे आणि ते कोठून कोठे जाते हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून लिहून द्यावे. पाणी खोटी साक्ष देत नाही.

लहान दुकानदाराची अडचण आम्ही जाणतो. मोंढ्यातील वीस हात रुंदीच्या गाळ्यात तो टाकी कोठे बांधणार आणि खड्डा कोठे खणणार? त्याच्यावर मोठ्या गोदामवाल्याइतकाच बोजा टाकणे अन्यायाचे होईल. तेथे गल्लीने मिळून एक वाहिनी आणि एक सामाईक टाकी केली पाहिजे, आणि त्या कामी व्यापारी संघटनांनी पुढाकार घेतला पाहिजे. मात्र दुकानासमोरच्या गटारावर पक्का ओटा बांधून ते साफ करण्याची वाटच बंद करणे, हा गुन्हा लहान-मोठ्या कोणालाही माफ होऊ नये. उलटपक्षी, सार्वजनिक नाल्यांचा नकाशा लोकांना पाहावयास खुला ठेवणे आणि मुख्य नाल्याची रुंदी आजच्या बांधकामावरून न ठरविता संपूर्ण वसाहत भरल्यानंतरच्या पाण्यावरून ठरविणे, हे कर्तव्य शासनाचे आणि नगरपालिकेचे आहे. नागरिकाने आपल्या आवाराची बाजू सांभाळायची आणि पुढे पालिकेचा नालाच नसायचा, असे होऊन चालणार नाही.

या भूमीला ही विद्या परकी नाही. शहराबाहेरची खजाना विहीर १५८२ च्या सुमारास, निजामशाहीतील सलाबतखानाच्या काळात, भास्कर नावाच्या स्थापत्यज्ञाने बांधली. भूगर्भातील पाण्याला जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ ढाळाच्या जोरावर शेतांपर्यंत नेण्याची ती योजना, पंप आणि वीज यांचे नावही नसताना, सिद्धीस गेली. चारशे वर्षांपूर्वी पाण्याची वाट आधी आणि बाकीचे मागाहून असा विचार करणारी माणसे याच मातीत होती. आपण तिला पाहुण्यांना दाखविण्याची जागा करून ठेवले; तिचा धडा मात्र गिरविला नाही.

बीडमध्ये यापुढे जे कोणी गोदाम, कारखाना वा दुकानांची इमारत बांधतील त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या मालकीच्या छपरावर पडणारे पाणीही आपल्याच मालकीचे आहे. नफ्याच्या वेळी ते आपले आणि उपद्रवाच्या वेळी ते गावाचे, ही वाटणी न्यायाची नव्हे. पाया खणण्याच्या दिवशीच त्या पाण्याची वाट आखा. ती आपण आखली नाही तर पाणी ती स्वतः आखील, आणि त्या वाटेवर कोणाचे घर आहे याची चौकशी ते करणार नाही.