टक्केवारीचा भागाकार

दहावीचा निकाल लागला की आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हिशोब हमखास येतो. खेड्यातल्या छोट्या मराठी हायस्कूलचा पगारखर्च घ्यायचा, त्याला मुलांच्या संख्येने भागायचं, शेजारी निकालाचा आकडा ठेवायचा आणि विचारायचं, "एवढ्या खर्चात हा निकाल? मग बंदच करा ना शाळा!" राजोडीत बसून हे वाचतो आणि माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही. बीए मराठी माध्यमातून केलं असलं तरी भागाकार मलाही येतो.

आधी ती टक्केवारीच बघू. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० झाला आणि २०२० ला थेट ९५.३०! पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार? छे हो. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता हे खरं, पण त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. आणि या आकड्यावर आपण शाळेचं भवितव्य ठरवणार!

छोट्या शाळेचं तर विचारूच नका. दहावीत १८ मुलं असली आणि एक मुलगी आजारपणामुळे पेपरला बसली नाही, की निकाल साडेपाच टक्क्यांनी खाली. दोनशे मुलांच्या शाळेत तेच अर्धा टक्का. कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता खर्च. तुम्ही मोजता तो जवळजवळ सगळा पगार. खडू, लाइटबिल, प्रयोगशाळेतलं सामान, गळकं छप्पर यासाठी असतं ते वेतनेतर अनुदान. ते कित्येक वर्षं बंद होतं. २०१३ पासून पुन्हा सुरू झालं ते ५ टक्क्यांच्या दराने. उरलेलं मुख्याध्यापकाने कुठून आणायचं? देणगीदारांच्या दारात उभं राहून.

आणि पट कमी म्हणून ओरड करणाऱ्यांनी आपली नातवंडं कुठल्या शाळेच्या बसमध्ये चढतात तेही सांगावं. (आमच्या घरचीही इंग्रजी माध्यमातच आहेत, लपवत नाही.) सधन घरं निघून गेली. मागे उरली ती शेतावर, रिसॉर्टवर राबणाऱ्यांची मुलं. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर शिक्षकाचं पदच मंजूर नाही असं ठरवलं. मोर्चे निघाले ते उगाच नाही.

तेव्हा भाचेमंडळी, पुढच्या वेळी हिशोब पाठवाल तेव्हा दोन आकडे आणखी टाका: त्या शाळेत पाचवीला आलेल्या मुलाला वाचता किती येत होतं, आणि दहावीला किती येतं.