कूलर सुरू करण्याआधी

मार्च सरत आला की नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. भीमजयंतीला पाहुणे यायचे, त्याच्या आत घरात गारवा हवा, अशी घाई असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा टिनाच्या खोलीत कूलर ही चैन राहत नाही, ती गरज होते. पण याच कूलरमुळे विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. 'कूलरचा शॉक लागून मृत्यू' अशी चार ओळींची बातमी येते आणि एक घर बसते.

कारण साधे आहे. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी कूलरमध्ये एकत्र येतात. पंपाची वायर पाण्यातून जाते. वर्षभर पडून तिचे आवरण तडकते, कधी उंदीर कुरतडतात. मग करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग ठीक असेल तर तो जमिनीत जातो व फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यातच राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला की त्याच्या अंगातून तो वाट काढतो. आपल्या घरात कूलरमध्ये पाणी कोण भरते? आई, नाहीतर शाळेतून आलेली मुलगी. म्हणून हा विषय सर्वांनी मिळून वाचावा.

पहिले काम वायरमनचे. बोर्डाला तीन छिद्रे दिसली म्हणजे अर्थिंग आहे असे समजू नका. पुष्कळ खोल्यांत तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. वायरमनकडून ते तपासून घ्या. कूलरला तीन तारांची, मध्ये जोड नसलेली वायर व तीन पिनांचा प्लग हवा. अर्थिंगची तार पत्र्याला घट्ट आवळलेली असावी. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून अर्थिंग करू नये. मेन स्वीचजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवता आला तर फार उत्तम. करंट अंगातून जाऊ लागताच तो क्षणार्धात वीज तोडतो. साधा एमसीबी हे काम करीत नाही. भाड्याची खोली असेल तर चारपाच भाडेकरूंनी मिळून घरमालकाकडे अर्थिंगची मागणी करावी.

दुसरा नियम घरातल्या लहानथोरांनी पाठ करावा : आधी बटन बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याची बादली. पंप सरकवायचा असला, ताटी हलवायची असली तरी हाच नियम. पायात कोरडी रबरी चप्पल असावी. हाताला जराशा जरी झिणझिण्या आल्या तरी कूलर त्याच क्षणी बंद करा. 'थोडासाच करंट आहे' म्हणून चालवू नका. कोणी चिकटले तर त्याला हात लावू नका. मेन स्वीच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. श्वास चालत नसेल तर छाती दाबणे सुरू ठेवून दवाखान्यात न्या.

आता पाण्याविषयी. डेंग्यूचा डास कूलरच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठदहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवावी. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, तेव्हा काथ्याने कडा घासाव्यात.

गारवा कमी वाटला तर मोटारीला दोष देण्याआधी ताट्या पाहा. बोअरच्या पाण्याचे क्षार गवतावर बसून ते कडक होते, हवा जात नाही. अशा ताट्या बदलाव्यात. वरच्या पन्हाळीची छिद्रे तारेने मोकळी करावीत. ताटीचा जो भाग कोरडा राहतो तिथून गरम हवाच आत येते. कूलरची पाठ बाहेरच्या हवेला असावी आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. दारे-खिडक्या बंद केल्यास खोलीत दमटपणा साचतो व अंग चिकट होते. पावसाळी दमट हवेत पाणी नीट सुकत नाही, म्हणून गारवाही येत नाही. मुंबई-कोकणात कूलर फारसा उपयोगी पडत नाही तो यामुळेच.

मृग लागला की टाकी कोरडी करून, गंज घासून आतून डांबर लावावे. पंप पुसून कोरड्या जागी ठेवावा.

वायरमनची मजुरी एका दिवसाच्या रोजीइतकी पडली तरी चालेल. वस्तीतल्या पाचदहा घरांनी एकाच रविवारी त्याला बोलावले तर तीही वाटून जाईल. येत्या रविवारीच हे काम उरकून घ्या.