विश्लेषण: तृतीयपंथीयांसाठी वॉर्ड झाला, विमाही आला, पण परिचारिकांच्या शिक्षणाचं काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल अर्थात जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथी रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत त्यांच्यासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण देण्याचा करार झाला होता. म्हणजे खाट आहे, पैशांची सोयही आहे. तरीही तृतीयपंथी समाजाची एक तक्रार वर्षानुवर्षं कायम आहे: दवाखान्यात जाण्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं.

असं का होतं? याचं उत्तर शोधताना आपण बहुतेक वेळा डॉक्टरांकडे बघतो. पण वॉर्डात चोवीस तास रुग्णाजवळ असते ती परिचारिका. नाव विचारणं, कपडे बदलायला लावणं, कॅथेटर घालणं, ड्रेसिंग करणं ही सगळी कामं तिची. रुग्णाच्या शरीराशी आणि लाजेशी सर्वात जास्त संबंध तिचाच येतो. आणि नेमकी तीच या सगळ्या धोरणांतून सुटलेली दिसते.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळख म्हणून मान्यता दिली. त्याच निकालात केंद्र आणि राज्य सरकारांनी रुग्णालयांत त्यांच्यासाठी योग्य वैद्यकीय सेवेची व्यवस्था करावी, असे निर्देश होते.

पुढे २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातल्या कलम ३ नुसार तृतीयपंथी व्यक्तीला आरोग्यसेवा नाकारणं किंवा सेवा देताना भेदभाव करणं बेकायदा आहे. कलम १५ मध्ये सरकारने काय करायचं याची यादी आहे: स्वतंत्र एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रं, लिंगबदल शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय, समुपदेशन, विमा वगैरे. २०२० च्या नियमांमध्ये रुग्णालयांतल्या स्वतंत्र वॉर्डांचाही उल्लेख आहे.

२०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली होती. महाराष्ट्रात हा आकडा ४० हजार ८९१ होता. ओळख लपवून जगणारे यात आलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून जास्त असणार हे उघड आहे.

यात परिचारिका कुठे आहेत?

कलम १५ मधलं शिक्षणाविषयीचं वाक्य नीट वाचलं की खरी अडचण दिसते. वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा, असं कायदा म्हणतो, पण तो 'डॉक्टरांसाठी'. परिचारिका, एएनएम किंवा वॉर्डातल्या मावशी-मामांचा त्या वाक्यात उल्लेख नाही.

गेल्या काही वर्षांत चर्चा झाली तीही डॉक्टरांच्या पुस्तकांची. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात लैंगिक ओळख 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई केली आणि वैद्यकीय पुस्तकांतल्या अपमानास्पद मजकुरावर बोट ठेवलं. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना आणि पुस्तकांच्या लेखकांना सूचना पाठवल्या. पुढच्या वर्षी असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरलं.

ही सुधारणाही सरळ रेषेत झाली नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत आले. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला.

पण हा आयोग फक्त डॉक्टरांचं शिक्षण बघतो. नर्सिंगचा अभ्यासक्रम ठरवण्याचं काम १९४७ च्या कायद्याखालच्या भारतीय परिचर्या परिषदेकडे राहिलं आहे. त्यामुळे एमबीबीएसच्या पुस्तकात झालेली दुरुस्ती नर्सिंग कॉलेजच्या वर्गात आपोआप पोहोचत नाही.

एका शब्दाने काय बिघडू शकतं?

हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. मे २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतलं एक प्रकरण प्रसिद्ध झालं. ३२ वर्षांचा एक माणूस पोटात तीव्र दुखतंय म्हणून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आला. कागदपत्रांवर 'पुरुष' अशी नोंद होती. आपण ट्रान्स पुरुष आहोत, म्हणजे जन्मावेळी आपली नोंद मुलगी म्हणून झाली होती, आणि घरी केलेली गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, हे त्याने सांगितलं होतं.

तपासणाऱ्या परिचारिकेने ऐकून घेतलं, रक्ताची चाचणीही लिहून दिली. पण समोर एक वजनदार पुरुष होता आणि त्याने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यामुळे तिने त्याला 'तातडीची गरज नाही' या गटात टाकलं. काही तासांनी तो गरोदर असल्याचं आणि गुंतागुंत झाल्याचं लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. बाळ मृत जन्मलं.

ही परिचारिका निष्काळजी किंवा द्वेष करणारी होती, असं त्या लेखाचं म्हणणं नव्हतं. मुद्दा असा, की तिच्या शिक्षणाने तिला 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोनच कप्पे दिले होते आणि हा रुग्ण पहिल्या कप्प्यात बसवला गेला. तिथे त्याच लक्षणांची बाई आली असती तर तिला आधी आत घेतलं असतं. चांगल्या मनाला योग्य माहितीची जोड नसेल तर काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

मग परिचारिकेला नेमकं काय माहीत हवं?

*एक, बोलावं कसं.* मराठीत क्रियापदाला लिंग असतं, त्यामुळे 'आलास' की 'आलीस' इथेच गाडी अडते. पण त्यावरचा उपायही भाषेतच आहे. 'तुम्ही कधी आलात?', 'तुम्हाला कुठे दुखतंय?' अशा आदरार्थी वाक्यांत स्त्री-पुरुष भेद उरतच नाही. रुग्ण स्वतःबद्दल 'मी आले' म्हणतो की 'मी आलो', हे ऐकलं तरी पुढे कसं बोलायचं ते कळतं. आधार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर ते केस पेपरवर राहू द्यावं, पण भरलेल्या ओपीडीत हाक मारताना रुग्णाने सांगितलेलं नाव वापरावं. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

*दोन, अवयव गृहीत धरू नयेत.* ट्रान्स पुरुषाचं गर्भाशय काढलेलं नसेल तर त्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागते. टेस्टोस्टेरॉनमुळे पाळी थांबली तरी ते गर्भनिरोधक नाही. ट्रान्स स्त्रीची शस्त्रक्रिया झाली असली तरी प्रोस्टेट ग्रंथी सहसा तशीच ठेवलेली असते, त्यामुळे लघवीच्या तक्रारीत तिचा विचार करावा लागतो. म्हणून प्रश्न 'तुम्ही स्त्री की पुरुष?' असा नसावा. 'या दुखण्याच्या दृष्टीने विचारते, तुमची कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का?' असा असावा. आणि हा प्रश्न पडदा ओढूनच विचारावा.

*तीन, औषधं विचारावीत.* डॉक्टरकडे जाण्याची भीती किंवा पैशांची अडचण असलेल्या अनेक ट्रान्स स्त्रिया दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन हार्मोन म्हणून खातात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून राहिलं तर तो आणखी वाढतो. एका पायाची पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तर ते आधी परिचारिकेच्याच लक्षात येणार. काही जणी स्पायरोनोलॅक्टोन घेतात. त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. उलट टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन वाढतं, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात स्त्रियांचं प्रमाण लावलं तर तो उगाच 'बिघडलेला' दिसतो.

*चार, जुन्या जखमा ओळखाव्यात.* हिजडा समाजात 'निर्वाण' या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया अनेकदा रुग्णालयाबाहेर, अप्रशिक्षित हातांनी झालेली असते. त्यातून लघवीचा मार्ग अरुंद होऊ शकतो. अशा रुग्णाला कॅथेटर घालताना जोर लावला तर इजा होते. आधी विचारून, गरज पडली तर सर्जनला बोलावून मग पुढे जावं लागतं. छाती घट्ट बांधणाऱ्या ट्रान्स पुरुषांना बरगड्या दुखणं, श्वास अपुरा पडणं असे त्रास होतात. 'आधी ते काढा' असं सगळ्यांसमोर फर्मावण्याऐवजी आडोसा देऊन कारण समजावून सांगितलं तर रुग्ण ऐकतो.

'यांना एचआयव्ही असणारच' हे किती खरं?

हा वॉर्डातला सर्वात चिवट समज आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात हिजडा आणि ट्रान्सजेंडर गटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ३.८ टक्के आढळलं. सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे आणि म्हणून तपासणी केंद्रं हवीतच. पण याचा दुसरा अर्थ असा, की १०० पैकी साधारण ९६ जणांना एचआयव्ही नाही. ताप घेऊन आलेल्या रुग्णाला आधी एचआयव्हीची चाचणी करायला पाठवलं तर मलेरिया किंवा डेंग्यूचं निदान लांबतं. आणि हातमोजे, सुयांची विल्हेवाट ही काळजी तर प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते.

ट्रान्स असणं हा मानसिक आजार आहे, हा समजही जुना झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

स्वतंत्र वॉर्ड हे उत्तर नाही का?

काही प्रमाणात आहे. पुरुषांच्या वॉर्डात ठेवलेल्या ट्रान्स स्त्रीला रात्रभर जो त्रास होतो, तो स्वतंत्र वॉर्डात टळतो. पण अपघात झालेला रुग्ण वॉर्ड निवडून येत नाही. तो आधी कॅज्युअल्टीत येतो, मग आयसीयूत किंवा भाजलेल्यांच्या विभागात जातो. मुंबईत वॉर्ड आहे म्हणून नंदुरबार किंवा हिंगोलीच्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय 'त्यांचा वॉर्ड तिकडे आहे' असं म्हणून इतर विभागांनी हात झटकण्याचा धोकाही आहे.

फक्त वेगळ्या केंद्रांवर विसंबण्याचा धोका २०२५ च्या सुरुवातीला दिसला. अमेरिकी मदतीवर चालणारी 'मित्र' क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात तृतीयपंथीयांना उपचार देत होती. तिथे समाजातलेच लोक कर्मचारी होते, त्यामुळे रुग्ण न घाबरता येत. ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवताच ती बंद पडली. एका देशाच्या निर्णयाने दुसऱ्या देशातल्या हजारो रुग्णांचा दवाखाना गेला. त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयात तितक्याच विश्वासाने जाता आलं असतं, तर हा धक्का एवढा मोठा ठरला नसता.

आता काय होऊ शकतं?

एक संधी समोर आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा मंजूर केला. नव्या व्यवस्थेत अभ्यासक्रम आणि किमान कौशल्यं नव्याने ठरतील, तेव्हा वरच्या चार गोष्टी त्यात घालता येतील. त्यासाठी वेगळा विषय काढायचीही गरज नाही. कॅथेटर शिकवताना, औषधांची नोंद शिकवताना, केस हिस्टरी शिकवताना ट्रान्स रुग्णाचं एक उदाहरण असलं तरी पुष्कळ फरक पडेल. आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी सेवाकालीन प्रशिक्षणाचा मार्ग आहेच. त्यात बोलायला तृतीयपंथी समाजातल्या व्यक्तींना बोलावलं तर पुस्तकातून न कळणारं बरंच काही कळेल.

दुसरा मार्ग म्हणजे तृतीयपंथी व्यक्तींनी स्वतः परिचारिका होणं. तामिळनाडू सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये अन्बू रुबी या ट्रान्स स्त्रीची सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका म्हणून नेमणूक केली होती. अशी उदाहरणं वाढली तर वॉर्डातल्या सहकाऱ्यांचं शिक्षण रोजच्या कामातूनच होईल.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. एका परिचारिकेवर वॉर्डभर रुग्णांचा भार असताना तिच्याकडून आणखी एक अपेक्षा ठेवणं सोपं असतं. रिकामी पदं भरली नाहीत आणि आडोशाला साधा पडदा नसेल, तर कितीही प्रशिक्षण दिलं तरी ते कागदावरच राहील.

तोवर रुग्णांनी आणि नातेवाइकांनी एवढं लक्षात ठेवावं: सेवा नाकारली किंवा अपमान झाला तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असणं बंधनकारक आहे. रुग्णालयात गेल्यावर त्याचं नाव विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. ते नाव कुणालाच सांगता आलं नाही, तर लेखी तक्रारीतला पहिला मुद्दा तोच असू शकतो.