उसन्या किमतीचं रान

खाण, धरण किंवा महामार्गासाठी वनजमीन वळवायची तर प्रकल्पवाल्याला एनपीव्ही, म्हणजे त्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट घातली, कांचन चोप्रा समितीने हिशेबाची पद्धत सुचवली आणि 2008 साली हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर लागू झाले. वनप्रकार आणि झाडांची दाटी पाहायची, तक्त्यातला आकडा उचलायचा, क्षेत्रफळाने गुणायचं. त्या रानावर कोण जगतं, हा रकाना तक्त्यात नाही.

असं एका ठिकाणची किंमत दुसरीकडे लावणं अर्थशास्त्रात सर्रास चालतं, आणि ते मुळात गैरही नाही. प्रत्येक रानाचा स्वतंत्र अभ्यास करायला ना वेळ असतो ना पैसा. पण माणसं किती, त्यांची मिळकत काय, पाण्याला-सरपणाला दुसरी सोय आहे का, याप्रमाणे आकडा कमीजास्त करावा लागतो. आपण नेमकं तेवढंच गाळतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले तुळशी आणि विहार तलाव मुंबईला पाणी देतात. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ती आपल्या रानातला बांबू स्वतः विकू लागली. वनप्रकार आणि दाटी जुळली की दोन्हीकडे मूळ दर एकच! राष्ट्रीय उद्यानाला दसपट लागते हे खरं. पण ती दर्जाची दसपट, पाण्याची नव्हे.

सगळ्यात वाईट गत माळरानाची. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक हा गवताळ माळाचा पक्षी. तिथे झाडं दाटली तर माळच संपला. तक्ता मात्र विरळ काटेरी रानाला तळाचा दर देतो. अभयारण्याबाहेरच्या अशा माळावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराचं नुकसान मग कुठे मोजायचं?

2022 मध्ये दर ‘सुधारले’. 10.43 लाखांचे 15.95 लाख झाले, म्हणजे जुन्या आकड्याला 1.53 ने गुणलं. महागाई तेवढी जमा धरली.

दर रद्द करा असं मी म्हणत नाही; ते नसते तर रान फुकटात गेलं असतं. पण तक्त्यातला दर हा किमान आकडा मानावा आणि पाणी, चराई, वनोपज यांचा स्थानिक हिशेब ग्रामसभेकडून घेऊन त्यात मिळवावा. तुमच्या भागात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर त्याच्या अहवालातल्या किमतीवर बोट ठेवून विचारा: हा आकडा कुठल्या रानातून आणला, आणि इथल्यासाठी त्यात काय बदललं? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.